कशालाच न लागणारं झाड

बदलापूरजवळच्या खरवईतल्या गोकुळछाया सोसायटीच्या फाटकाशी आठ फूट बाय दहा फूट मापाचा बगीचा होता आणि त्याच्या संवर्धनाची जबाबदारी हिंदुरावांवर सर्वानुमते सोपवण्यात आली होती. सर्वानुमते म्हणजे त्या सभेला ते उशिरा पोहोचले होते.

अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं धूर आणि पत्रे बघून निवृत्त झालेल्या या माणसाने तळमजल्याचा फ्लॅट घेतला, तो खिडकीतून हिरवं काहीतरी दिसेल म्हणून. आता नवा ठराव झाला होता: दिवाळीपर्यंत बगीच्यात झाड टिकलं नाही, तर तिथे फरशी घालून स्कूटर लावाव्यात. ठराव मांडणारा सनी. त्याच्याकडे तीन स्कूटर होत्या.

हिंदुरावांनी आधी जास्वंद लावली होती. पहाटे फिरायला निघणाऱ्या मंडळींच्या हातात काठी असो नसो, प्लास्टिकची पिशवी असतेच. देवाला फुलं तर हवीत, आणि स्वतःच्या कुंडीतली तोडायला जीव होत नाही. मग केळी लावल्या. त्यांचे चार खांब बी विंगच्या सत्यनारायणाला गेले. प्रसाद मात्र हिंदुरावांना आवर्जून आणून दिला. अळू लावलं, तर रविवारी तिन्ही विंगांतून वड्यांचा वास आला.

या अनुभवातून त्यांनी निकष निश्चित केले. झाडाला फूल नसावे, फळ नसावे. पान देवाला, पोटाला आणि औषधाला चालू नये. मात्र ते मोठे, झळझळीत, रस्त्यावरून नजरेत भरणारे असावे आणि बदलापूरचे ऊन त्याने सोसावे.

कात्रपच्या मधु नर्सरीवाल्याने एक रोप पुढे केलं. "काका, पीस मस्त आहे. पान बघा, सुपाएवढं, जांभळं. धूप पण झेलतं."

"उपयोग काय याचा?"

मधु गडबडला. गिऱ्हाइकाला खरं सांगायची त्याला सवय नव्हती. "खरं सांगू? कायच नाय."

"पूजेला?"

"नाय."

"गुडघ्यांना?"

"काका, नाय बोललो ना!"

"दोन दे," हिंदुराव म्हणाले. त्यांना भरून आलं होतं.

झाडं फोफावली. महिनाभरात एक पानही गेलं नाही. खिडकीशी चहा पिताना हिंदुरावांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटे. एवढ्यावर ते थांबते तर बरं होतं. पण खबरदारी म्हणून त्यांनी पाटी लावली: 'या झाडाचा कोणताही उपयोग नाही. पाने तोडू नयेत.'

सोसायटीच्या अध्यक्षा सुहासिनीताई पाटीसमोर थांबल्या. "उपयोग नाही, तर तोडू नका कशाला लिहिलंय?"

प्रश्न बिनतोड होता. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर आलं की त्यात काहीतरी आहे. संध्याकाळपर्यंत ते मधुमेहावर होतं, जेवणाच्या वेळी गुडघ्यांवर. हिंदुरावांनी लिहिलं, 'ही अफवा आहे.' मग तर खात्रीच पटली. सत्तरीचा माणूस इतका ताठ चालतो, तो काय उगीच?

तीन दिवसांत एक पान सोडून नुसते देठ उरले. चौथ्या पहाटे, शेवटच्या पानाच्या रक्षणार्थ, हिंदुराव फाटकाआड दबा धरून बसले. कोणीतरी वाकलं, कात्री वाजली आणि पान पदराखाली गेलं.

"कोण आहे?" ते ओरडले. वाकलेली बाई वळली, तर त्यांचीच बायको, गोजरबाई.

"वरडू नका. साऱ्यांनी नेलं, अन् आपल्यालाच घावू नये व्हय?"

"अगं, कशाच्याच उपयोगाचं नाही ते! मी स्वतः निवडून आणलंय!"

"मग आख्खी बिल्डिंग येडी हाय व्हय?" गोजरबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "अन् काल शेजारच्या श्रद्धाकडचं पान लावलं, तवापासनं मला फरक बी पडलाय."

दिवाळीला फरशी बसली. उद्घाटनाच्या भाषणात सुहासिनीताई म्हणाल्या की लोकांना निसर्गाची किंमतच राहिलेली नाही. सगळ्यांनी हळहळून माना डोलावल्या. हिंदुरावांना वाईट वाटू नये म्हणून सनीने आपली हिरवी स्कूटर त्यांच्या खिडकीसमोर लावली.

मधुकडे त्या जातीची चार रोपं अजून शिल्लक आहेत. झाडाचं नाव मात्र इथे मुद्दामच दिलेलं नाही. एवढं सगळं वाचूनही तुम्हाला ते विचारावंसं वाटतंय, म्हणून.