सगळी बोंडं आनंदी

नौशाद शेख याला मतं होती. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो सहा वर्षं नोकरीला होता, आणि या सहा वर्षांत हुद्दा वाढला नसला तरी मतं भरपूर वाढली होती. रोज सकाळी तो तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचून येई आणि चहाच्या यंत्रापाशी उभा राहून त्यांचा निकाल लावी. एखाद्या बड्या कंपनीनं चार हजार माणसं कमी करून 'आपण सारे एक कुटुंब आहोत' असं पत्रक काढलं, की नौशाद म्हणे, "बरोबर आहे. आमच्या जानेफळातही वाटणीच्या दिवशी भाऊ हेच म्हणतात." एखादं यंत्र कविता करू लागल्याची बातमी आली, की तो म्हणे, "म्हणजे आता तेही बेकार राहणार." लोक हसत. हसून झालं की आपापल्या खुर्चीत जाऊन, ज्याला हसले तेच काम करत. नौशादही करी.

कंपनीचं नाव हरितदृष्टी, आणि तिच्या अ‍ॅपचं नाव बोंडनेत्र. शेतकऱ्यानं कपाशीच्या बोंडाचा फोटो काढायचा, आणि आत गुलाबी बोंडअळी आहे की नाही ते बोंडनेत्रानं सांगायचं. असली तर लाल, नसली तर हिरवं. बीटी बियाणं आलं तेव्हा आता अळीचा प्रश्न मिटला असं सगळ्यांना सांगण्यात आलं होतं. अळीला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे दिवाळी सरताच बोंडनेत्र जिकडेतिकडे लाल होऊ लागलं. शेतकरी लाल पाहत, कपाळाला हात लावत आणि अ‍ॅप बंद करत. अ‍ॅप बंद झालं की कंपनीचा 'आनंद निर्देशांक' घसरे.

हा निर्देशांक सुवर्णा मॅडम सांभाळत. त्या ग्राहक-आनंद विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"अळी ही समस्या आहे, हे मी नाकारत नाही," त्या म्हणाल्या, "पण ती निसर्गाच्या अखत्यारीत येते. लाल रंग आपल्या अखत्यारीत येतो."

लालचा केशरी करावा अशी एक सूचना आली. 'अळी आढळली' याऐवजी 'बोंडात जैवविविधता आढळली' असं लिहावं, अशी दुसरी आली. दोन्ही नोंदवून घेण्यात आल्या. मागच्या खुर्चीत बसलेल्या नौशादला राहवलं नाही.

"मॅडम, एवढा खटाटोप कशाला? सरळ सगळंच हिरवं दाखवू. शेतकरी खूश, आपण खूश. अळी तर आधीपासूनच खूश आहे."

सगळे पोटभर हसले. सुवर्णा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी प्रोग्रॅममधली रंग ठरवणारी ओळ नौशादनंच बदलली. बदलता बदलता त्यानं शेजारच्याला दोन झकास शेरे ऐकवले. शुक्रवारी त्याला 'निर्भीड विचार' असं लिहिलेलं प्रमाणपत्र आणि एक कुंडी मिळाली. कुंडीतलं रोप प्लॅस्टिकचं होतं. त्यावरही त्याचं मत होतं.

निर्देशांक इतका चढला, की त्याकडे एका सरकारी कचेरीचं लक्ष गेलं. यंदा कपाशीच्या नुकसानीचे पंचनामे बोंडनेत्राच्या दाखल्यावर होतील, असं परिपत्रक निघालं. मानवी डोळ्यांत त्रुटी असतात, असं कारण त्यात नमूद होतं. पहिला प्रयोग बुलढाणा जिल्ह्यात ठरला, आणि नौशाद तिकडचाच, म्हणून कंपनीनं त्याला 'स्थानिक भावना समन्वयक' नेमून जानेफळला रवाना केलं.

त्याचे अब्बा रहेमतुल्ला यांचं गावात गाद्या भरायचं दुकान होतं. त्यांनी पोराचं नवं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं.

"कापूस हातात घेतला की समजते बेटा, चांगला हाय का किडकी कवडी," ते म्हणाले. "तुह्या मशीनले हात हाय का?"

"नाही अब्बा. फक्त डोळा आहे."

"मंग थे लग्नातल्या पाहुण्यासारखं हाय. पाहीन, अन् नाव ठेवीन."

"नाव ठेवायचं बंद केलंय आम्ही," नौशाद म्हणाला. अब्बांना ते कळलं नाही, आणि त्यानं समजावूनही सांगितलं नाही.

पहिला पंचनामा निघाला जनकाबाईच्या वावराचा. तिचं घर नौशादच्या घराला लागून. लहानपणी नौशाद तिच्याच अंगणात पाढे पाठ करायचा. चार एकर कपाशीची पऱ्हाटी होती आणि लांबून पाहिली तर डोळे निवावेत अशी हिरवीगार होती. जनकाबाईनं एक बोंड तोडून अंगठ्यानं फोडलं. आत कापसाच्या जागी किडकी, पिवळी पाकळी होती आणि तिच्यात दोन गुलाबी अळ्या निवांत पडल्या होत्या.

सोबत आलेले कृषी सहायक दयाराम यांनी मोबाईल धरला. पडदा हिरवा झाला. 'अभिनंदन. आपलं बोंड आनंदी आहे.'

"दयारामभाऊ, तुमाले अळी दिसते का नाई?" जनकाबाईनं विचारलं.

"दिसून राह्यली ना बाई. पण मले दिसलं थे लिहाले फॉर्मात जागाच नाई."

जनकाबाईनं अळी उचलून तळहातावर घेतली आणि हात मोबाईलसमोर धरला. "घ्या. आता निस्त्या अळीचाच काढा."

'निरोगी. असेच प्रयत्न चालू ठेवा.'

"थ्या अळीलेच सांगून राह्यलं का हे?" जनकाबाई म्हणाली.

मग जनकाबाईनं बांधावरच्या म्हशीचा फोटो काढायला लावला. म्हैस आनंदी निघाली. पाण्याच्या डबड्याचा काढला. डबडंही आनंदी होतं. घाम पुसायला दयाराम यांनी मोबाईल नौशादकडे देऊन टोपी काढली, तेवढ्यात बटण दाबलं गेलं, आणि त्यांच्या पांढऱ्या केसांच्या डोक्याबद्दल उत्तर आलं, 'पूर्ण उमललेलं बोंड. वेचणी आजच करावी.' दयाराम यांनी टोपी घाईघाईनं परत घातली. तिघंही बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शेवटी जनकाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"हासलो, बरं झालं. आता माह्या वावराचं काय? कोनं केलं रे नौशाद हे?"

"सिस्टीम आहे मावशी."

"थे सिस्टीम कोन्या गावची?"

जानेफळची, हे नौशादच्या तोंडून निघालं नाही. त्यानं बाजूला जाऊन सुवर्णा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, अळी आहे. मी स्वतः डोळ्यांनी पाहिली."

"अ‍ॅपमध्ये दिसते का?"

"नाही."

"मग ती तुमची वैयक्तिक अळी झाली."

"मला ती ओळ परत बदलू द्या. दोन मिनिटांचं काम आहे."

"त्याला आनंद समितीची मंजुरी लागेल. समिती मार्चमध्ये बसते."

"मार्चमध्ये वावरात पऱ्हाटी नसते, मॅडम."

"छान. म्हणजे तक्रारही नसेल."

आठवड्याभरात जिल्ह्यातले सगळे पंचनामे हिरवे निघाले. जिल्हा बोंडअळीमुक्त झाल्याची बातमी छापून आली. अळी गेली म्हटल्यावर कुणाचा तरी सत्कार करणं भाग होतं. कुणाचा करायचा, तेही बोंडनेत्रालाच विचारलं. जनकाबाईच्या वावरात त्या एका दिवशी चाळीस फोटो निघाले होते आणि चाळीसही हिरवे होते, त्यामुळे आदर्श शेतकरी म्हणून तिचीच निवड झाली.

मेहकरच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुण्यांनी जनकाबाईच्या खांद्यावर शाल घातली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. तिनं पिशवीतली बोंडं टेबलावर ओतली आणि एकेक फोडत गेली. अळ्या फुलांच्या हारावर आल्या, शालीवर चढल्या, एक तर पाहुण्यांच्या भाषणाच्या कागदावर चालू लागली. पाहुण्यांनी प्रसंगावधान राखून मोबाईल काढला, टेबलावर रोखला आणि हिरवा पडदा सभेला दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

जनकाबाई टाळ्या थांबायची वाट पाहत उभी राहिली. त्या थांबेनात. पहिल्या रांगेत बसलेल्या नौशादला तिच्याकडे बघवेना. तो उठला, मंचावर गेला आणि माईक हातात घेतला.

"मंडळी, हे यंत्रानं नाई केलं, मी केलं," तो म्हणाला. पुण्यात सहा वर्षं दाबून ठेवलेली बोली आपसूक बाहेर पडली. "मीटिंगात मजाक केली मी, का सगळंच हिरवं दाखवू. त्यायनं खरं धरलं. अन् मीच थे लिहून देलं. मले मालूम होतं खोटं हाय, तरी देलं. त्याच्यासाठी मले एक कुंडी भेटली."

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळं कार्यालय हसू लागलं. लोकांना वाटलं, जेवणाआधी करमणुकीचा कार्यक्रम ठेवलाय. नौशाद जितका कळवळून सांगे, तितके लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारत. पाहुणे तर रुमाल तोंडाला लावून हसत होते. जनकाबाईनं शाल काढली, झटकली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि ती मागच्या दारानं निघून गेली.

नौशादनं त्याच दिवशी राजीनामा लिहिला. तो इतका खुसखुशीत उतरला, की कंपनीनं तो नव्या कर्मचाऱ्यांच्या स्वागतपुस्तिकेत छापला आणि त्याला 'परखडपणा प्रमुख' हे पद देऊ केलं. त्यानं पत्राचं उत्तर दिलं नाही. पुढचे आठ दिवस तो जनकाबाईच्या वावरात पऱ्हाटी उपटत होता. तिथं हरभरा पेरायचा होता. तळहातांना फोड आले.

"दुखते का रे?" जनकाबाईनं विचारलं.

"हाव."

"मंग काही विनोद कर."

त्याला सुचला नाही.

इकडे त्याच्या भाषणाचा व्हिडिओ अकरा लाख लोकांनी पाहिला. 'अगदी खरं', 'आमच्या ऑफिसातही हेच', 'हसून हसून मेलो', अशा प्रतिक्रिया आल्या. एकीनं ती शाल कुठं मिळते, ते विचारलं. जनकाबाईच्या पंचनाम्याचं पुढं काय झालं, हे मात्र अकरा लाखांत एकानंही विचारलं नाही. तुम्ही विचारणारच होतात, याची आम्हाला खात्री आहे.