नशीब की हाव?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाचं दूध उतू गेलं, तरी चौबळ सर गॅलरीतून विचारायचे, "वहिनी, नशीब की हाव?"

हा प्रश्न त्यांना एका कादंबरीनं चिकटवला होता. आफ्रिकेतलं खेडं, गोऱ्या साहेबाचा अंमल आणि मुखिया व्हायच्या नादात धुळीला मिळालेला एक शेतकरी. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, त्यात ही कादंबरी इतकी शिकवली की त्या खेड्यातली माणसं त्यांना आमच्यापेक्षा जवळची झाली. देसाई चेअरमनपदाला उभे राहिले, तेव्हा सरांनी त्यांना जिन्यात गाठलं. "देसाई, जपा. त्याचंही असंच सुरू झालेलं." देसाईंनी रातोरात नाव मागे घेतलं.

सरांच्या मुलाला, नंदूला, इंजिनीअर झाल्यावर इथेच वर्कशॉप टाकायचं होतं. सरांनी त्याला नैरोबीची नोकरी घ्यायला लावली. "नाव काढ, तोवर तोंड दाखवू नकोस," असं दारातच बजावलं. मी शेजारी, त्याची बॅग धरून उभा होतो. नंदू गेला तो गेलाच. पत्रं यायची. सर म्हणायचे, "बिझी असतो हो." चौबळवहिनी वारल्यावर तर घरात सर आणि ती कादंबरी, दोघंच.

पुढे घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि गणपतीतल्या नाटकाला माणसं येईनात. सर मीटिंगमध्ये उठले. "माझ्या कादंबरीचं नाटक बसवतो. मुखिया मी." कुणाची नाही म्हणायची टाप नव्हती.

तालमी भलत्याच रंगल्या. त्या गावात ज्याच्या कोठारात कंद जास्त तो मोठा, म्हणून बाजारातून सुरण आणले. रोज एखादा कमी व्हायचा आणि जोशीवहिनींकडे भाजीचा घमघमाट सुटायचा. गोरा साहेब झाले कुलकर्णी, क्रिकेटची टोपी घालून. कुणीतरी तोंडाला फासायला काळा रंग आणला, तेव्हा मात्र सर भडकले. "माणसं आहेत ती! आपल्यासारखीच. आहे तो रंग पुरे."

प्रयोगाला मंडप भरला. मी विंगेत प्रॉम्प्टर. शेवटचा प्रवेश असा, की मुखियापदासाठी बाप आपल्या मुलाला साहेबाच्या चाकरीला पाठवतो आणि मुलगा कधीच परतत नाही. मुलगा झालेला बँकेतला अनिल गाठोडं घेऊन वाकला. "येतो, बाबा."

पुढचं वाक्य सरांचं होतं.

"जा, मोठा होऊन ये," मी कुजबुजलो. सर माझ्याकडे बघेनात. मी पुन्हा जोरात सांगितलं. पहिल्या रांगेतली पोरं हसली.

सर विंगेकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "एकदा म्हटलंय मी ते. पुन्हा नाही म्हणणार."

मग त्यांनी अनिलचा हात धरला. "नको जाऊस रे. वर्कशॉप टाक. इथेच राहा."

आफ्रिकेत वर्कशॉप कुठून आलं, ते प्रेक्षकांना कळेना. मला कळलं. पलीकडच्या विंगेत कुलकर्णी साहेब टोपी सावरत खुणा करत होते, मी येऊ का? मी हातानंच त्यांना थोपवलं.

अनिल हुशार. त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि सरांना टेकून बसला. "बरं बाबा. नाही जात."

मी पडदा पाडला. बाहेर टाळ्या वाजत होत्या. आत सरांनी त्याचा हात सोडला नव्हता, आणि अनिलही सोडवून घेत नव्हता.