शफी सरांचं नाव

नाव आलं रे आलं की ताशा वाजवायचा, असं ठरलं होतं. आणि ते ठरवलं होतं खुद्द शफी सरांनीच.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या मैदानावर सर बावीस वर्षं पोरांना फुटबॉल शिकवत होते. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी साधं 'थँक्यू' म्हटलं नव्हतं. आता त्यांच्या हाताखाली शिकलेला आवेज देशाच्या संघात होता. कालपर्यंत कोणाकडूनही मार खाऊन येणारा हा संघ नवा मॅनेजर आल्यापासून ओळीने पाच सामने जिंकला होता. पेपरवाले त्या मॅनेजरला डोक्यावर घेऊन नाचत होते आणि इकडे सरांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

"पेरलं आम्ही आणि कापणीला हा!" सर बायकोला म्हणाले. "आज संध्याकाळी टीव्हीवर मुलाखत आहे. बघच तू बिलकिस, आवेज माझं नाव घेतो की नाही."

बिलकिसने हे शेजारच्या आशाताईंना सांगितलं, आशाताईंनी मित्रमंडळाच्या दीपकला, आणि दीपकला तर फ्लेक्स लावायला निमित्तच हवं असतं. दुपारी चौकात 'आवेजचे एकमेव गुरू' झळकले. फ्लेक्सवर गुरू लहान होते, दीपक मोठा. संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये पडदा, शाल, नारळ, ताशा, सगळं तयार. ताशा केव्हा वाजवायचा, तेवढं सरांनी ठरवून दिलं.

आवेज वीस मिनिटं मॅनेजरबद्दलच बोलला. सर रुमालाने मान पुसत राहिले. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "आणि नाशिकला कोणी शिकवलं?"

"शफी सरांनी."

ताशा कडाडला. दीपकने शाल घातली, नारळ हातात कोंबला. सरांचे डोळे भरून आले. "अरे, बंद करा तो ताशा! पुढचं ऐकू द्या!" ते गरजले. गरजण्यात त्यांचा हात धरणारा वसाहतीत कोणी नव्हता. ताशा जागच्या जागी थांबला.

"...चुकलं की इतकं ओरडायचे, की चेंडू आला की मी आधी सरांकडे बघायचो, मग गोलकडे," आवेज सांगत होता. "या मॅनेजरसमोर पहिल्यांदा चुकलो, तर ते शेजारी येऊन बसले. पाणी दिलं. काय झालं, विचारलं. तेव्हा कुठे मी खेळायला लागलो."

मागे कोणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या. शाल परत घ्यायची की नाही, ते दीपकला कळेना.

"घेतलं ना नाव?" बिलकिस म्हणाली. "चला आता घरी."

सर जेवले नाहीत. बावीस वर्षांचं हेच फळ, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

सकाळी मैदानावर आरोहीने मोकळा गोल समोर असताना चेंडू बाहेर घालवला. सर्वांत गुणी खेळाडू ती. सरांनी सवयीने छाती भरून श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. ते तिच्याजवळ गेले, गवतावर बसले, पाण्याची बाटली पुढे केली.

"काय झालं, बेटा?"

आरोही पांढरीफटक पडली. "सर... मला टीममधून काढलं का?"

"नाही गं! मी नुसतं विचारतोय."

ती रडायलाच लागली. बाकीची पोरं लांबूनच बघत उभी राहिली. "सरांना बरं नाही वाटतं," कोणीतरी कुजबुजलं.

शेवटी सर उठले. "एवढा दरवाजाएवढा गोल दिसला नाही तुला? डोळे काय घरी ठेवून आलीस? पळ!"

आरोहीच्या जिवात जीव आला. नाक पुसत, हसत ती पळाली.

पुढचा चेंडू पायाशी आला, तेव्हा तिने आधी सरांकडे बघितलं, मग गोलकडे.