दुपारी बाराची बाई

भुताखेतांच्या बाबतीत आमचं घराणं छप्पन्न सालापासून स्वच्छ आहे. आजोबांनी दीक्षा घेऊन परत आल्या दिवशी घरातले गंडेदोरे, उतारे आणि भुतं एकाच टोपलीत भरून बाहेर काढली. त्यात मी परतूरच्या कॉलेजात बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतोय. माझ्याइतका न घाबरणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही, असं मी एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

तीर्थपुरीकडे जाताना आमचं मूळ गाव लागतं. गावाला नव्वद एकर माळ. कुसळं, मुरूम आणि वर आभाळ, एवढीच त्याची मालमत्ता. सरपंच काकासाहेबांनी ठरवलं, की या माळावर दहा हजार झाडं लावायची. आता झाडांना नाही म्हणणारा माणूस म्हणजे पोरांच्या वाढदिवसाला केक फेकणारा! पण मला नाही म्हणावं लागलं, कारण या माळावर धाविक आहे.

धाविक म्हणजे मातकट रंगाचा, उंच पायांचा पक्षी. चार पावलं पळतो, थांबतो, विचार करतो, पुन्हा चार पावलं पळतो. थेट ग्रामपंचायतीच्या कामासारखा! तो मोकळ्या माळावरच जगतो, जमिनीवरच अंडी घालतो. त्याच्या शेजारी झाड लावणं म्हणजे शिकरा पक्ष्याला बसायला खुर्ची देणं. ऊन दरसाल चढतंय, पाऊस महिने चुकतोय, बाकीचे माळ नांगरले गेले. तालुक्यातले उरलेसुरले धाविक इथं येऊन टेकलेत, असा माझा अंदाज होता.

काकासाहेब म्हणाले, "सर, अंदाज बिलकुल चालणार न्हाई. एक मेच्या ग्रामसभेत पाखरू साबित करा, एकबी खड्डा खोदणार न्हाई. न्हाई झालं तर दोन तारखेला जेसीबी."

"तीन आठवडे पुरे!" मी म्हणालो.

माळाच्या मधोमध कमरेएवढा लोखंडी खांब रोवला. त्यावर आवाज टिपणारी हिरवी पेटी बसवली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत माळावर जे वाजेल ते तिच्यात. आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई सोमेश्वर दर आठवड्याला कार्ड आणून देणार, मी घरी कूलरसमोर बसून ऐकणार. विज्ञान किती पुढे गेलं, बघा!

पहिल्या आठवड्यात चंडोल, टिटवी, वारा. चौथ्या दिवशी, बारा वाजून तीन मिनिटांनी, सगळे पक्षी एकदम गप्प झाले.

मग पावलं. अनवाणी. हळू. मग बांगड्यांची किणकिण. मग अगदी कानाजवळ एक बाई पुटपुटली, "पी माय, पी... कुणी न्हाई बघून राह्यलं..."

आणि मग गुडगुड, गुडगुड! नरड्यात पाणी जावं तशी. मग काहीच नाही. बांगड्याही नाहीत.

मी हेडफोन काढला. कूलर चालू असून पाठ ओली झाली होती. पाचव्या दिवशी, बारा वाजून तीन मिनिटं: "पी माय, पी..." सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी बाईच्या आधी एक पुरुष आला. काहीतरी तडतड जळत होतं आणि तो दात खाऊन म्हणत होता, "ताप. अजून ताप. मेलो तरी सोडणार न्हाई तुला!"

मी बायकोला, रूपालीला, हाक मारली. तिनं शांतपणे ऐकलं.

"आजोबांनी बाहेर काढलेली भुतं तुमच्या पेटीत राहायला आली वाटतं," ती म्हणाली.

"हा विनोदाचा विषय नाही. तिथं कुणीतरी कुणालातरी बुडवतंय! आणि दुसरा जाळतोय!"

"माळावर? तिथं बुडवायला पाणी कुठंय?"

या प्रश्नानं मला धीर यायला हवा होता. उलट अंगावर काटा आला. खरंच, पाणी कुठंय?

दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच सोमेश्वरला घेऊन माळावर पोचलो. दुपारचा माळ तुम्ही पाहिला नसेल तर पाहू नका. उन्हाच्या लाटांमध्ये आमचा खांब वितळून वाकल्यासारखा दिसत होता. स्वतःची सावली पायाखाली लपली होती. माझी मला दिसेना, म्हणून मी दोनदा वाकून पाहिलं.

"सर, तुम्ही म्होरं व्हा," सोमेश्वर म्हणाला. "तुम्ही कायम हाव. मी कंत्राटी हाय."

खांबापासून तीसेक पावलांवर थबकलो. पेटीखाली धूर! आणि धुरात उकिडवी बसलेली एक आकृती, डोक्यावरून घोंगडं घेतलेली! तोंडानं पुटपुटत होती, "ताप. अजून ताप."

सोमेश्वर किंचाळला. मीही किंचाळलो असेन. पण मला आठवत नाही. आकृती त्याहून मोठ्यानं किंचाळली आणि घोंगडं पडलं. आत मोसंबीवाले तातेराव होते. हातात पेटलेली गोवरी.

"तातेराव! हे काय करून राह्यले?" सोमेश्वर ओरडला.

"सर, कुणाला सांगू नका," तातेराव काकुळतीला आले. "बाग वाळून चालली. इम्यावाले म्हणतेत, मशीनमधी ऊन दिसलं पाह्यजे. ही मशीन आली, मंग म्या म्हणलं, जराशी मदत करावी."

हवामानावरच्या पीकविम्यासाठी ऊन-पाऊस मोजणारं खरं यंत्र महसूल मंडळाच्या गावी, सात किलोमीटर लांब. माळावर पेटी दिसल्याबरोबर गावानं तिला विम्याची मशीन ठरवून टाकलं होतं! मला हायसं वाटलं.

"आणि ती बाई कोण?" मी विचारलं. "बाराला येते ती?"

तातेरावांनी हातातली गोवरी खाली टाकली. "कोणची बाई? सर, दुपारच्याला या माळावर बाई येत न्हाई. कव्हाच न्हाई."

मी घड्याळ पाहिलं. बाराला पाच कमी. आम्ही तिघंही अत्यंत शास्त्रीय वेगानं रस्त्यावर आलो.

त्यानंतर मी माळावर गेलो नाही. कार्डं येत राहिली, बाई बोलत राहिली, धाविक मात्र एकदाही बोलला नाही. एक मे उजाडला. शाळेसमोर मांडव, मांडवाच्या मागं जेसीबी. त्याचं फावडं माळाकडं तोंड करून टेकलेलं.

"बोला सर," काकासाहेब म्हणाले. "कुठंय पाखरू?"

माझा बेत साधा होता. चंडोलाचं गाणं लावायचं आणि भाषण लांबवायचं. सोमेश्वरनं पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. पण स्पीकर स्वतःच्या मर्जीनं फाइली उचलतो, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"ताप. अजून ताप. मेलो तरी..."

तातेरावांनी टोपी डोळ्यांवर ओढली. पुढची फाइल लागली. शेवटच्या कार्डातली, मी न ऐकलेली. एक भारदस्त आवाज कुजबुजत होता, "हळू ओत रे. वरून ओत. अवकाळी पडल्यावानी दिसलं पाह्यजे."

सगळ्या मांडवानं काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेबांनी जेसीबीकडं पाहिलं. आणि त्याच शांततेत बांगड्या वाजल्या.

"पी माय, पी... कुणी न्हाई बघून राह्यलं..." गुडगुड, गुडगुड!

एक लेकरू रडायला लागलं. कुणीतरी "बंद करा!" ओरडलं. मी खुर्चीचा हात धरून ठेवला होता.

"अगं बया," बायकांतून आवाज आला, "हे तर मीच!"

बौद्धवाड्यातली मालनबाई. शेळ्या राखते. माझ्या वडिलांना दादा म्हणायची.

काकासाहेबांना तेवढंच हवं होतं. "म्हणजे तुम्हीबी मशीनमधी पाणी ओतलं! अन् बाकीच्यायलाच नावं?"

"मशीनला कशाला पाजू? मला काय मोसंबी हाय का?" मालनबाई पदर खोचून उभी राहिली. "पाखराला पाजलं. अंड्यावरून उठंना ते उन्हात, आ वासून बसलेलं. बाटलीतलं पाणी खापरीत ओतते रोज. अन् उघड्यावर सांगू का? पोट्टे अंडे पळवतेत."

"कोणतं पाखरू, मावशी?" मी विचारलं.

"चार पावलं पळतं अन् थांबतं, ते."

ग्रामसभा उठून माळावर गेली. खांबाच्या पायथ्याशी, दोन हातांवर, खापरी. खापरीपलीकडं मुरमाच्याच रंगाचा धाविक. तो चार पावलं पळाला, थांबला. मागं दोन ठिपकेदार अंडी. काकासाहेबांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हाय, बाबा. हाय," आणि जेसीबीवाल्याला फोन लावायला बाजूला गेले.

परत येताना मी मालनबाईला म्हणालो, "मावशी, मला एका शब्दानं सांगायचं की!"

"आता!" ती म्हणाली. "तुम्ही खांब रोवला तव्हा ते तुमच्याच पायाखालून उठून गेल्तं. म्या म्हणलं, सरांनी पाह्यलंच असल."

वनखात्याला अहवाल पाठवला आहे. अभ्यासपद्धतीच्या रकान्यात 'प्रत्यक्ष निरीक्षण' असं लिहिलंय. कोणाचं, ते त्यांनी विचारलेलं नाही.