फेब्रुवारीतला नारळ

“गुरूचा पाय पाण्यात पडायच्या आधी नारळ पडला पाहिजे. जगातला कुठलाही समुद्र असो. कबूल कर.”

लग्नानंतर चौथ्या दिवशी श्रीवर्धनच्या स्वयंपाकघरात सासूबाई हे बोलल्या, तेव्हा नीलांबरी गूळ चिरत होती. तिने विळी आडवी केली आणि कबूल केलं. तिच्या नवऱ्याला, गुरुनाथला, नवव्या वर्षी लाटेने ओढून नेलं होतं. एका कोळ्याने केसांना धरून बाहेर काढलं, आणि तेव्हापासून सासूबाईंचा समुद्राशी हा करार होता. तो आता सुनेच्या नावावर झाला.

बारा वर्षं तिने तो पाळला. अमेरिकेत श्रूजबरीला आल्यावरही पाळला. केप कॉडच्या किनाऱ्यावर दोनदा गेले, दोन्ही वेळा गुरुनाथ पार्किंग शोधत असताना तिने काम उरकून घेतलं. त्याला पत्ताही लागला नाही.

मग २००६च्या जानेवारीत गुरुनाथला इंटरनेटवर पोर्तुगाल सापडलं. बॉस्टनहून विमान, समुद्रासमोरचं हॉटेल, सकाळचा नाश्ता, सगळं उन्हाळ्याच्या निम्म्याहून कमी भावात! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महाराष्ट्र मंडळातल्या रेखाच्या घरी बायका वर वाण लुटत होत्या आणि खाली बेसमेंटमध्ये गुरुनाथ त्यांच्या नवऱ्यांना ज्ञान वाटत होता. “लोक वेडे आहेत यार. समुद्राला कुठे सीझन असतो? तोच समुद्र, तीच वाळू. फक्त गर्दी नाही.”

गर्दी नव्हती हे अगदी खरं. तिथे काहीच नव्हतं! हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात पाण्याऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. रस्त्यावरची सात उपाहारगृहं बंद, आठव्यात फक्त मासे. नीलांबरी घरून नेलेल्या दशम्यांवर होती. इंग्रजी बोलणारी मुलगी मे महिन्यात येते, असं काउंटरवरच्या आजोबांनी कॅलेंडरवर बोट ठेवून समजावलं. वारा असा, की नीलांबरीची टिकली पहिल्याच दिवशी स्पेनच्या दिशेने निघून गेली. गुरुनाथ दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून खोलीत बसला आणि हे सगळं फार ऑथेंटिक आहे असं म्हणाला.

निघण्यापूर्वी त्याने एकच विनंती केली होती. “नीलू, तिथे गावच्यासारखं नारळ-बिरळ नको, प्लीज. लोक बघतात.”

नीलांबरीने बॅगेची चेन ओढून घेतली होती. नारळ तेव्हा बॅगेत त्याच्याच लोकरी मोज्यांत झोपला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुनाथ घोरत असताना ती खाली उतरली. नऊवारीसारखी शाल गुंडाळलेली, एका हातात हळदकुंकू लावलेला नारळ, दुसऱ्या हातात जपमाळ. इथे तिचा एक नेम सांगायला हवा. सकाळी उठल्यापासून एकशे आठ नामं पूर्ण होईपर्यंत मौन. एकदा घरी टोस्टरने पेट घेतला, तेव्हाही तिने माळ ओढत ओढत गुरुनाथला फक्त धूर दाखवला होता. नेम म्हणजे नेम!

काठावरून नारळ टाकला. लाटेने तो आणून तिच्या पायाशी ठेवला. पुन्हा टाकला, पुन्हा परत. जणू समुद्रसुद्धा ऑफ-सीझनमध्ये काही घेत नव्हता. शेवटी ती दगडी धक्क्याच्या टोकाला गेली आणि मनात सासूबाईंचं नाव घेऊन जीव खाऊन फेकला. आता मात्र नारळ निघाला. शेंडी वर, बाकीचा पाण्यात, डुचमळत डुचमळत थेट खोल पाण्याकडे. तिने हात जोडले. वाऱ्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. चाळिसावं नाम चालू होतं.

धक्क्यासमोरच्या घराच्या खिडकीत एक काळ्या शालीतली आजी उभी होती. तिने काय पाहिलं? एक परकी बाई, एकटी, हात जोडून रडते आहे आणि लांब पाण्यात काळ्या केसांचं एक डोकं वर-खाली होतं आहे.

आजी धावत आली. तिने नीलांबरीचे खांदे धरून काहीतरी विचारलं, पाण्याकडे बोट दाखवलं. नीलांबरीला वाटलं, बिचारी विचारते आहे की नारळ कोणासाठी. मौन तर मोडायचं नव्हतं. तिने गळ्यातलं मंगळसूत्र उचलून दाखवलं, मग आजीच्या बोटातल्या लग्नाच्या अंगठीला हात लावला आणि मग समुद्राकडे बोट केलं. नवऱ्यासाठी हो, नवऱ्यासाठी.

आजीने किंकाळी फोडली.

पुढच्या पाच मिनिटांत चर्चची घंटा वाजू लागली. जे गाव दोन दिवस दिसलं नव्हतं, ते सगळं धक्क्यावर आलं. पिवळ्या रेनकोटातल्या सहा माणसांनी होडी लोटली. त्यांतल्या एकाच्या तोंडात अजून पाव होता. नीलांबरीला आता सगळा प्रकार कळला. पण नाम होतं बासष्टावं! तिने माळेला असा वेग दिला की मणी एकमेकांवर आपटू लागले. सत्तर, ऐंशी, नव्वद. होडी एका लाटेवर उभी राहिली, दुसरीत दिसेनाशी झाली. आजी तिला घट्ट धरून रडत होती. एकशे आठ!

“कोकोनट,” नीलांबरी म्हणाली. “सॉरी. इट इज कोकोनट.”

कोणाला कळलं नाही. ती मे महिन्यातली मुलगी तिथे असती तर! आजीने फक्त तिच्या हातात एक पेटती मेणबत्ती दिली.

घंटेने गुरुनाथ जागा झाला होता. लोकल फेस्टिव्हल असणार, म्हणून तो कॅमेरा घेऊन धावत आला. गर्दीत कोणीतरी हातवारे करून सांगितलं की कोणी बुडालं. त्याने कॅमेरा खिशात घातला. सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या, त्यानेही माकडटोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घालून उभा राहिला. स्वतःच्या मृत्यूला इतक्या आदराने हजर राहिलेला माणूस विरळाच!

होडी धक्क्याशेजारच्या वाळूकडे परतली. म्हाताऱ्या कप्तानाच्या हातांत ब्लँकेटची गुंडाळी होती. त्याने ती हळूच उलगडली. आत नारळ, त्यावर अजून टिकून राहिलेलं हळदकुंकू.

गुरुनाथने नारळाकडे पाहिलं, मग गर्दीकडे, मग मेणबत्तीवाल्या नीलांबरीकडे. आणि तो गुडघाभर पाण्यात धावत गेला, नारळ कप्तानाच्या हातून घेतला आणि जॅकेटखाली लपवला.

तो गुडघाभर पाण्यात होता! आणि नारळ पाण्याबाहेर. बारा वर्षांचा करार मोडला होता.

गाव ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कोणी ओरडलं नाही. आजीने हा नवरा जिवंत आहे हे पाहून त्याचेच गाल कुरवाळले. भिजलेल्या कप्तानाने दोघांना घरी नेऊन कॉफी पाजली. त्याचे हात थंडीने थरथरत होते, कपातली कॉफी हिंदकळत होती. नीलांबरीने त्या हातांकडे पाहिलं आणि तिला मान वर करता येईना. टोस्टर जळाला तर जळू दे. पण सहा माणसं त्या लाटांत होती आणि ती मणी मोजत होती.

परतीच्या विमानात गुरुनाथ एकच वाक्य बोलला. “मंडळात कोणाला सांगू नकोस.”

रविवारी श्रीवर्धनचा फोन आला. सासूबाईंनी हवापाणी विचारलंच नाही.

“नारळ दिलास ना गं?”

“दिला, आई.”

हे खोटं नव्हतं. दिला होताच, तीनदा. तो परत आला का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिने देवापुढे दिवा लावला, पण देवाकडे बघवेना. त्या रात्री ती जेवली नाही. आठवडाभर हेच चाललं. शेवटी गुरुनाथने विचारलं तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. त्याच्या लहानपणीची लाट, त्यावरून आईंनी घातलेली अट, विळी, कबुली, सगळं. पोर्तुगालच्या पाण्यात भिजलेल्या स्वतःच्या पायांकडे तो बघत बसला.

शनिवारी सकाळी तिने इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ पर्समध्ये घातला. किनारा तास-दीड तासावर होता, समुद्र तोच अटलांटिक. जप तिने पहाटे उठून घरीच पुरा केला होता. हा तिचा नवा नेम. दार हळूच ओढून ती गॅरेजमध्ये आली, तर गुरुनाथ आधीच स्टिअरिंगवर बसलेला. अंगात भडक केशरी जॅकेट, डोक्यावर माकडटोपी.

“तुम्ही कशाला?” ती म्हणाली.

त्याने हात पुढे करून नारळ घेतला, त्याची शेंडी उपटली आणि परत दिला.

“मी पार्किंगमध्ये उभा राहतो,” तो म्हणाला. “सगळ्यांना जिवंत दिसेन असा.”

आणि गाडी हळूच मागे घेतली.