दामूकाकांचं बटण

आमच्या माकुणसारच्या दामूकाकांनी पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकायला साफ नकार दिला. मंगलाष्टकं संपत आली तरी मूठ मिटलेलीच. "आधी मुंडावळ्या बाजूला करा. नवरदेवाची ओळख पटली नाय." सख्खा पुतण्या, यांच्याच अंगाखांद्यावर खेळलेला! शेवटी निलेशने बोहल्यावर मुंडावळ्या वर करून तोंड दाखवलं, तेव्हा कुठे अक्षता पडल्या.

मी तर कुंपणापलीकडचा शेजारी. तरी रोज फाटकाशी उभं राहून नाव, बापाचं नाव आणि काम सांगतो, मगच आत जातो. काका फौजेत तोफखान्यात होते. सवय तिथलीच, असं आम्ही धरून चालतो.

निलेश बोईसरच्या एका कंपनीत लष्करासाठी नेम धरणारी यंत्रं बनवतो. कॅमेऱ्याने पाहायचं, संगणकाने शत्रू ठरवायचा आणि यंत्राने मारायचं. एक नमुना त्याने चाचणीसाठी काकांच्या चिकूच्या वाडीत बसवला. शत्रू म्हणजे माकडं, आणि गोळ्यांऐवजी लाल रंगाचं पाणी. काकांची अट एकच: यंत्राने दाखवावं, बटण माझ्या हातात. यंत्र क्षणात माकड ओळखायचं आणि काका चष्मा पुसायला घ्यायचे. तोवर माकडं चिकू खाऊन, बिया थुंकून पुढच्या वाडीत. अशा युद्धात शत्रूला ढेकर द्यायलाही सवड मिळते. निलेश कपाळाला हात लावून बसायचा.

मग कंपनीचे साहेब यंत्र बघायला यायचे ठरले. "काका, तुमचं बटण मधे आलं तर माझी नोकरी जाईल," निलेश म्हणाला. पोराच्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर काकांनी मुकाट्याने बटण काढू दिलं.

यंत्राने दोन माकडं झकास रंगवली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात झाडांतून कोणीतरी वाकून चाललेलं दिसलं, खांद्यावर लांब काठी. पडद्यावर लाल चौकट आली: घुसखोर. आम्ही बघतोय तोवर काका धावत सुटले आणि मधे जाऊन उभे राहिले. डोक्यापासून पायापर्यंत लाल. त्यांच्या मागे काकू, चिकू काढायची काठी घेऊन.

साहेब हसले. "अहो काका, नुसता रंग तर आहे!"

"आज रंग हाय," काका म्हणाले.

निलेशचं तोंड उतरलं. साहेबांसमोरच खाली बसून त्याने बटणाची वायर परत जोडली. साहेब चहाला थांबले नाहीत.

काकूंनी पदराने काकांचं तोंड पुसलं. काका तिथंच मातीत बसले. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी शेजारी जाऊन बसलो, नावगाव न सांगताच.

"तिकडं सीमेवर दुर्बिणीत असंच कोण तरी वाकून चाललेलं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "खांद्यावर लांब कायतरी होतं. मी थांबलो नाय."

"कोण होतं, काका?"

"अजून ओळख पटली नाय."