टीव्हीचं तोंड

मालिकेतल्या वकीलबाईंनी साक्षीदाराला विचारलं, "मग खरा गुन्हेगार कोण?" आणि त्यानंतर मालिकेत कोणीच काही बोलेना. नुसतं धडाम धडाम संगीत वाजत राहिलं. काकूंनी शिलाई मशीनवरचा पाय थांबवला आणि मान वर केली. समोर भिंत होती. भिंतीवर काहीच चाललेलं नव्हतं.

"अहो, काय झालं? कोण निघाला?"

"काही नाही. त्याने बोट दाखवलं," सोफ्यावरून काका म्हणाले.

"कोणाकडे?"

"ते नाही बघितलं. मी तेवढ्यात पाणी पीत होतो."

या घराचा हॉल काटकोनात वळलेला होता. एका बाजूला सोफा, त्याच्यासमोर टीव्ही. वळणापलीकडे काकूंचं मशीन, कपड्यांचे गठ्ठे आणि बटणांचा डबा. काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. टीव्हीचा आवाज वळणावरून नीट यायचा, चित्र मात्र यायचं नाही. मालिकेतली सगळी माणसं काकूंना आवाजावरून ओळखू यायची. नुसत्या खोकल्यावरून त्या सासरा कोणता आणि दीर कोणता ते सांगू शकत होत्या. पण बोट दाखवण्याचा आवाज होत नाही, तिथे काकूंचं घोडं अडलं.

त्या मशीनवरून उठल्या, सोफ्यापाशी आल्या आणि काकांच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"लग्न झाल्यापासून या घरात मी टीव्ही ऐकतेय. आता मला बघायचाय. शनिवारी शेवटचा भाग आहे. शनिवारपर्यंत टीव्हीचं तोंड माझ्याकडे वळलं पाहिजे. तोपर्यंत टीव्ही बंद."

"अगं, मशीनवर बसून टीव्ही बघशील तर सुई बोटातून आरपार जाईल."

"सुई माझी, बोट माझं. मान वर केली की मला समोर भिंत नको, एवढंच."

रिमोट बटणांच्या डब्यात गेला आणि झाकण लागलं.

काका पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेले. कुठलंही काम 'बघू' या शब्दावर महिनोन् महिने झुलवायची त्यांना सवय होती. पण सामन्यांचे दिवस होते आणि रिमोट डब्यात होता, म्हणून या वेळी काका चक्क उठले. त्यांनी टीव्ही हाताने फिरवून पाहिला. टीव्हीला दोन टोकांना दोन पाय, खालचं कपाट अरुंद. थोडा फिरवला की एक पाय हवेत. कपाट सरकवावं तर घराचं दार उघडेना. भिंतीला लावावा तर ती भिंत म्हणजे नुसता पोकळ पडदा. मागे कॅलेंडरसाठी खिळा मारला, तर कॅलेंडर, खिळा आणि भिंतीचा टवका असे तिघेही एकदमच खाली आले होते. आता उपाय एकच, टीव्हीखाली फिरतं स्टँड.

पहिल्या दुकानात मालकाने काकांकडे असं पाहिलं, जणू ते कंदिलाची काच मागायला आले आहेत.

"फिरतं स्टँड? काका, आता सगळे भिंतीला लावतात."

"आमची भिंत पोकळ आहे."

"मग भिंत नवीन घाला."

दुसऱ्या दुकानात स्टँड नव्हतं, पण स्टँड असलेला टीव्ही होता. "जुना देऊन टाका," विक्रेता म्हणाला. स्टँडसाठी टीव्ही बदलायचा म्हणजे बटण तुटलं म्हणून शर्ट फेकायचा. हे काकांना इतक्या वर्षांच्या संसारातून कळलं होतं. ते तावातावाने बाहेर पडले.

तिसऱ्या दुकानात खरोखर स्टँड निघालं. दुकानदाराने त्यावरची धूळ झटकली, बोटाने फिरवून दाखवलं. "टीव्हीच्या मागच्या भोकांचं माप किती?"

"एक वीत आणि वर दोन बोटं," काका आत्मविश्वासाने म्हणाले.

स्टँड घरी आलं. भोकं जुळेनात. एक बोल्ट बसला की दुसरा टीव्हीबाहेर लोंबायचा. काकूंनी गळ्यातली टेप काढून भोकांवर धरली.

"तुमची वीत म्हणजे काय सरकारी माप आहे?"

"कार्यालयात पाइप याच हाताने मोजलेत मी!"

"तरीच गावभर पाणी गळतंय."

स्टँड परत गेलं. दुकानदाराने ते वरच्या फळीवर पुन्हा धुळीत ठेवलं. मग काकांनी मोबाइलवरून मागवायचं ठरवलं. चित्रात स्टँड झकास दिसत होतं, त्यावर टीव्हीही दिमाखात उभा होता. शुक्रवारी सकाळी खोकं आलं, आणि ते काकांच्या तळहातावर मावलं. आतून निघालेल्या फिरत्या चकतीवर फार तर एक फुलदाणी बसली असती. चित्रातला टीव्हीच तेवढा असणार.

काकूंनी गणवेशाची बाही सुईखाली घेतली आणि मशीन इतक्या जोरात चालवलं, की कपाटातल्या बश्या वाजल्या.

"मी हरलेलो नाही!" काका बश्यांवरून ओरडले. "या गावात काय, जगात कुठे फिरणारी वस्तू मिळणारच नाही?"

मशीन थांबलं. काकूंनी मान वर केली आणि काकांच्या खाली पाहिलं. काका त्यांच्या फिरत्या खुर्चीवर बसले होते. कार्यालयाने जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा काकांनी स्वतःचीच खुर्ची विकत घेऊन घरी आणली होती. सोफ्यावर ते टीव्ही बघायचे, पण विचार करायला ही खुर्ची लागायची. विचार करताना ते डावीकडून उजवीकडे फिरायचे आणि पुन्हा डावीकडे. निर्णय कधी झाला नाही, पण फिरणं उत्तम चालायचं.

"नाही," काका म्हणाले. "ते सोडून बोल."

"तुम्ही फिरून इतक्या वर्षांत काय उजेड पडला? आता टीव्ही फिरू दे. निदान चित्र तरी दिसेल."

"अगं, साहेब व्हायच्या आधीपासून मी या खुर्चीत बसतोय!"

"आणि मी मशीनच्या स्टुलावर. पाठ नसलेल्या."

काका दोनदा डावीकडे आणि दोनदा उजवीकडे फिरले. शेवटी ते उठले. खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "वेल्डरकडे तूच घेऊन जा. कापताना मला बघवणार नाही."

आयुष्यात काकांनी पुष्कळ कामं दुसऱ्यावर ढकलली होती. एवढं एकच ढकलायला नको होतं.

काकू रिक्षात खुर्ची घालून कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेल्या. टेपने घेतलेली मापं त्यांनी खडूने खुर्चीच्या सीटवरच लिहिली होती. वेल्डर फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवणारा माणूस. टीव्हीचं स्टँड म्हटल्यावर त्याने आधी हसून घेतलं, मग मापं पाहिली आणि हसणं बंद केलं. दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. काका घरी सोफ्यावर बसून बंद टीव्हीकडे बघत होते.

शनिवारी दुपारी वेल्डर स्टँड घेऊन आला. खुर्चीचं फिरणारं बूड, वर लोखंडी पट्ट्या, त्यात टीव्ही. चारही बोल्ट आपापल्या भोकांत असे गेले, जसे तिथेच जन्मले होते. काकांनी हलक्या हाताने टीव्ही फिरवला. तो आवाज न करता काटकोनात वळला आणि मशीनकडे तोंड करून थांबला. कुठेतरी 'खट्' झालं.

"हा आवाज कसला?" काकांनी विचारलं.

"मजबुतीचा," वेल्डर म्हणाला आणि हत्यारं गोळा करून लगबगीने निघून गेला.

संध्याकाळी काकूंनी बटणांचा डबा उघडला आणि रिमोट बाहेर काढला. मालिका सुरू झाली. काकू मशीनवर होत्या. बाही, कॉलर, बाही. मान वर केली की समोर कोर्ट. साक्षीदाराला पुन्हा विचारलं गेलं, खरा गुन्हेगार कोण. पुन्हा सगळे गप्प झाले, पुन्हा संगीत धडाडलं, आणि साक्षीदाराने बोट उचललं. काकूंनी मशीन थांबवलं आणि ते बोट पूर्ण वर जाऊन कुणावर थांबतं ते डोळे भरून पाहिलं. मग त्या इतक्या खदखदून हसल्या, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं या बाईने हे सुख भिंतीवर घालवलं होतं, आणि त्याचं खरं वाईट वाटतं.

"कोण निघाला?" सोफ्यावरून काका ओरडले. त्यांना टीव्हीची पाठ आणि चार बोल्ट दिसत होते.

काकू बघत होत्या.

मालिका संपली. आता सामना. काका उठले आणि टीव्ही सोफ्याकडे फिरवायला लागले. टीव्ही हलेना. त्यांनी जरा जोर लावला. कपाट हललं, टीव्ही नाही. त्यांनी वाकून खाली पाहिलं, तर स्टँडच्या पट्टीतून एक जाडजूड लोखंडी खिटी भोकात पडून बसली होती. काकांनी रागारागाने वेल्डरला फोन लावला.

"अरे, हे परत फिरत नाही! काय काम केलंयस?"

"नाहीच फिरणार, काका. एकदा काकूंकडे वळला की खिटी पडते."

"आणि निघते कशी?"

"पान्याने. मुद्दाम तसा पाना बनवून दिलाय."

"कोणाला?"

पलीकडून वेल्डरने फोन ठेवला. तो फाटकं बनवणारा माणूस होता, कोणत्या बाजूने कुलूप लावायचं ते त्याला कळत होतं.

काका वळले. काकूंच्या गळ्यात टेपसोबत एका नाडीला अडकवलेला छोटासा पाना लोंबत होता. सामन्यात नाणेफेक झाली होती. प्रेक्षक ओरडत होते. सोफा वळणापलीकडे येण्यासारखा नव्हता, आणि खुर्चीचं आता स्टँड झालं होतं. मशीनशेजारी बसायला एकच जागा उरली होती, गठ्ठ्यांच्या मधोमध पालथी घातलेली बादली. काका मुकाट्याने त्या बादलीवर बसले.

बसतात न बसतात तोच त्यांच्या मांडीवर शर्टांचा गठ्ठा पडला, त्यावर दोरा ओवलेली सुई आणि त्यावर बटणांचा डबा.

"हे काय?"

"या बाजूला बसणारा माणूस बटणं लावतो," काकू म्हणाल्या. "सामना सुरू झालाय बरं का. नीट लावा, पोरं ओढतात."

"पण मग मी बघू कसा? सुई बोटात जाईल!"

"मान वर केली की दिसतंय ना? भिंत तर नाही ना समोर?"

काकांनी पहिलं बटण धरलं. भोकातून सुई जाईना. तेवढ्यात टीव्हीत प्रचंड आरडाओरडा झाला. काकांनी दचकून मान वर केली, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन जाहिरात लागली होती.

"अगं, इतका दुष्टपणा बरा नाही," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "फिरतं स्टँड म्हणून आणलं ना? मग दोन्हीकडे नको फिरायला?"

काकूंनी बाही सुईखाली सरकवली.

"इतकी वर्षं तो एकाच बाजूला होता," त्या म्हणाल्या, "तेव्हा नाही तुम्हाला कुठलं स्टँड आठवलं."

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.